एनएफएल ड्राफ्टचा अंदाज: खेळाडू ओळखता येतोय, संघ चुकतोय. काय करू?

राजारामपुरी_नववी_गल्ली

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, हा प्रश्न आपल्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉलचा नाही. अमेरिकन फुटबॉलचा आहे, तो लांबट चेंडू हातात धरून पळायचा खेळ.

मी एका अमेरिकन कंपनीसाठी घरातूनच रात्रपाळी करतो. तिकडच्या टीममध्ये दर एप्रिलला एक स्पर्धा असते. कॉलेज संपवून येणाऱ्या खेळाडूंपैकी कुणाला एनएफएल या तिकडच्या लीगमधला कुठला व्यावसायिक संघ निवडणार (या निवडीलाच ड्राफ्ट म्हणतात), याची पहिल्या फेरीची ३२ नावांची यादी आदल्या दिवशी द्यायची. नाव पहिल्या फेरीत आलं की एक गुण, संघही बरोबर असेल तर आणखी दोन. मी तीन वर्षं भाग घेतोय. २०२५ ला माझी २४ नावं पहिल्या फेरीत आली, पण संघासकट बरोबर फक्त ३. आमच्या टीमचे मुख्य ओहायोचे आहेत, त्यांचे ९ आले.

मेहनतीत कमी पडलो असं नाही. थंडीभर साठ-एक खेळाडूंचे सामने बघितले. कंबाइनमधले (ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचण्या) सगळ्यांचे आकडे वहीत उतरवले, चाळीस यार्डाची धाव, उभी उडी, हाताची लांबी, सगळं. ड्राफ्टची पहिली फेरी आपल्याकडं शुक्रवारी पहाटे साडेपाचला सुरू होते. वही मांडीवर घेऊन बसलो होतो. पहिला कॅम वॉर्ड टेनेसीला गेला, तो सगळ्यांचाच बरोबर होता. दुसऱ्या क्रमांकावर मी क्लीव्हलंडला ट्रॅव्हिस हंटर लिहिला होता. तर क्लीव्हलंडनं ती जागाच जॅक्सनव्हिलला देऊन टाकली आणि हंटर तिकडं गेला. मी पाचव्याला जॅक्सनव्हिलकडं मेसन ग्रॅहम लिहिला होता. पाचव्याला ग्रॅहमच गेला, पण क्लीव्हलंडला! सहा वाजायच्या सुमारास दोन नावं बरोबर, दोन्ही संघ चूक. आणि शेड्यूर सँडर्सला मी तिसऱ्या क्रमांकावर न्यूयॉर्क जायंट्सकडं लिहिलं होतं. तो कुठं गेला ते तुम्हाला माहीतच असेल.

दिवाळीपासून २०२६ च्या एप्रिलची तयारी सुरू करायची आहे. आणखी सामने बघू का? आकड्यांचं काही गणित बसवू? इथं कुणी हे मनापासून करणारं असेल तर सांगा.

गुळाची_लेक

तुझी वही वाचायला मिळाली तर मला आवडेल, पण आणखी साठ खेळाडू बघून तुझे संघ बरोबर येणार नाहीत. का ते सांगते. जरा लांबून सुरुवात करते.

माझ्या वडिलांचं इथं मार्केट यार्डात गुळाचं अडत दुकान होतं. शाळेला सुट्टी असली की मी सौद्याला जायचे. रव्यांच्या (गुळाच्या ढेपांच्या) थप्प्या ओळीनं लावलेल्या, व्यापारी एकेका थप्पीपाशी थांबत पुढं सरकणार. सौदा सुरू व्हायच्या आधी वडील मला हळूच सांगायचे, ही थप्पी हे घेणार, ती पलीकडची ते घेणार. बहुतेक वेळा तसंच व्हायचं. मला वाटायचं त्यांना गूळ फार कळतो. कळायचाच, पण गूळ तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांनाच कळत होता. वडिलांचं लक्ष घेणाऱ्यांवर असायचं. एकाचा माल गुजरातला जायचा, त्याला पिवळाधमक रंग लागायचा. तो रव्याची कड नखानं फोडायचा, उजेडात धरायचा आणि रंग पटला नाही की चवसुद्धा बघायचा नाही. दुसऱ्याला रंगाचं काही नव्हतं, रवा कडक आहे ना, प्रवासात पाझरणार नाही ना, एवढंच तो दाबून बघायचा. आणि तिसऱ्याची गाडी काल संध्याकाळीच भरून गेलेली असायची. तो आज नुसता हात मागं बांधून फिरणार, हे वडिलांना हमालांकडून आधीच कळलेलं असायचं.

नंतर मी नऊ वर्षं ओहायोत होते, कोलंबसला. तिथं क्लीव्हलंड ब्राउन्सचं वेड लागलं आणि परत आल्यावरही सुटलं नाही. ड्राफ्ट बघायला लागले तेव्हा मला पहिल्यांदा मार्केट यार्डच आठवलं. तू गूळ बघतोयस. ३२ गिऱ्हाइकं बघ.

तुझंच जॅक्सनव्हिल घे. त्यांचे जनरल मॅनेजर जेम्स ग्लॅडस्टोन फेब्रुवारी २०२५ मध्ये आले, वय ३४. आले कुठून? लॉस एंजेलिस रॅम्समधून. आणि रॅम्सची ख्याती काय? हवा तो खेळाडू मिळवायला पहिल्या फेरीच्या जागा देऊन टाकायच्या. २०१६ ला त्यांनी जॅरेड गॉफ पहिल्या क्रमांकावर घेतला, त्यानंतर थेट २०२४ ला पहिल्या फेरीत कुणाला तरी निवडलं. अशा घरात शिकलेला माणूस पाचव्या क्रमांकावर गप्प बसून राहील, असं मॉक ड्राफ्टवाल्यांनी (ड्राफ्टच्या अंदाजाची यादी आधी छापणाऱ्यांनी) धरलं. त्यानं पाचवी जागा, दुसऱ्या फेरीतली ३६ वी, चौथ्या फेरीतली १२६ वी आणि वर पुढच्या वर्षीची पहिली फेरी देऊन हंटर उचलला. हे आधी मलाही दिसलं नव्हतं. पण दिसण्यासारखं होतं, आणि ते खेळाडूंच्या सामन्यांत नव्हतं.

जुनं उदाहरण ऑकलंड रेडर्सचं. अल डेव्हिस मालक होते आणि त्यांना पळणारा गडी हवा असायचा. २००९ ला सगळ्यांच्या यादीत सगळ्यात वरचा रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा) मायकल क्रॅबट्री होता. त्याच्या पायाला दुखापत होती, तो कंबाइनला पळालाच नाही. डॅरियस हेवर्ड-बे चाळीस यार्ड ४.३० सेकंदांत पळाला. डेव्हिसनी सातव्या क्रमांकावर हेवर्ड-बे घेतला, क्रॅबट्री दहाव्याला सॅन फ्रान्सिस्कोला गेला. तज्ज्ञांनी डोक्याला हात लावला. पण डेव्हिसना ओळखणाऱ्याला ते अवघड नव्हतं. फिलाडेल्फियाचे मॅनेजर हावी रोझमन यांनी २०२२ आणि २०२३ मध्ये मिळून जॉर्जिया विद्यापीठाचे पाच बचावपटू घेतले: जॉर्डन डेव्हिस, नकोबी डीन, जेलन कार्टर, नोलन स्मिथ, किली रिंगो. त्यांना तिथलं वळण आवडतं.

आता भरून गेलेली गाडी. मार्चमध्ये संघ मोकळे झालेले अनुभवी खेळाडू घेतात, अदलाबदल करतात. लास व्हेगास रेडर्सनी मार्च २०२५ मध्ये जीनो स्मिथ हा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून डाव चालवणारा) आणला, म्हणजे सहाव्या क्रमांकावर ते क्वार्टरबॅक घेणार नाहीत हे बऱ्यापैकी नक्की झालं, आणि त्यांनी ॲश्टन जेंटी घेतला. तू कंबाइनचे आकडे उतरवतोस, तसं मार्च महिना रोज उतरवून काढ. मात्र हा नियम डोळे झाकून लावू नकोस. अटलांटानं मार्च २०२४ ला कर्क कझिन्सशी चार वर्षांचा १८ कोटी डॉलरचा करार केला आणि एप्रिलमध्ये आठव्या क्रमांकावर मायकल पेनिक्स हा आणखी एक क्वार्टरबॅक घेतला. कझिन्स तेव्हा पस्तिशीचा, टाचेची शीर तुटून शस्त्रक्रिया झालेली. गाडी भरलेली होती, पण चाक जुनं होतं.

सँडर्सबद्दल मला जास्त सांगायचंय, कारण ती शनिवारची रात्र मी जागून काढली. तो माझ्याच संघाकडं आला, पाचव्या फेरीत, १४४ व्या क्रमांकावर. त्याच्या आधी पाच क्वार्टरबॅक गेले: वॉर्ड, डार्ट, शक, मिलरो आणि डिलन गॅब्रियल. गॅब्रियलला तर ब्राउन्सनीच ९४ व्या क्रमांकावर घेतला होता! मेल कायपर १९८४ पासून ईएसपीएनवर ड्राफ्टच सांगतायत, तेही त्या पोरासाठी पडद्यावर भांडत होते.

इतका खाली का गेला? क्वार्टरबॅक ही जागाच तशी आहे. मैदानात एका वेळी एकच असतो. रिसीव्हर तीन-तीन खेळतात, कॉर्नरबॅक (रिसीव्हरला अडवणारे) तीन लागतात. त्यामुळं चांगला रिसीव्हर पाच-दहा जागा घसरला तरी कुणीतरी उचलतोच. क्वार्टरबॅकसाठी ज्यांची खुर्ची रिकामी असते असे संघ दरवर्षी पाच-सहा. तेवढ्यांनी पाठ फिरवली की पुढच्या सगळ्यांसाठी तो राखीव खेळाडू ठरतो. राखीव खेळाडूमागं एवढा मोठा बाप (डिऑन सँडर्स, स्वतः गाजलेला खेळाडू), एवढे कॅमेरे नकोत, असा विचार तिथं सुरू होतो. म्हणून तो दहा जागा घसरत नाही, सरळ विहिरीत पडतो. २०२२ ला मलिक विलिसचं हेच झालं, पहिल्या फेरीची चर्चा आणि गेला ८६ व्या क्रमांकावर. तुझ्या यादीत पहिल्या फेरीत क्वार्टरबॅक लिहिताना प्रत्येकासमोर रिकामी खुर्ची दाखव. दाखवता आली नाही तर नाव खोड.

कंबाइनवर माझा फार भर नाही. त्यानं कुणाचं नाव वर-खाली होतं ते कळतं, पण ते सगळ्यांनाच कळतं.

जुना_गोलकीपर

पोरा, हा तुझा खेळ मी बघितलेला नाही. पण ताईंनी लिहिलंय ते आमच्या हंगामाला शंभर टक्के लागू आहे म्हणून लिहितो.

मी इथं तालमीच्या फुटबॉल संघाकडून बरीच वर्षं गोल राखला, नंतर पोरं शिकवली. केएसएकडं (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) खेळाडू नोंदणी असते त्या आठवड्यात पेठापेठांत हाच विषय. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस, बालगोपाल, कोण कुणाकडं जाणार? पोरगा चांगला का वाईट हे शिवाजी पेठेतल्या शाळकरी पोराला पण कळतं. कुठं जाणार ते कळायला दुसरंच बघावं लागतं. संध्याकाळी तो कुणाच्या कट्ट्यावर बसतोय. त्याची गाडी कुठल्या तालमीसमोर लागलेली आहे. त्या संघाचा जुना बॅक गुडघ्यानं बसला का. नवीन कोच कुणाच्या हाताखाली खेळलाय. मी हे बघायचो आणि नोंदणीच्या आधी सांगायचो. तिकडं अशा गाठीभेटी होतात का? होत असतील तर त्या कळतात का?

आणि एक विचारतो. आमच्याकडं पोरगा स्वतः ठरवतो कुठल्या तालमीकडं खेळायचं. आपल्या पेठेचा संघ म्हणजे जीव असतो. तिकडं त्या पोराला कुणी विचारतच नाही?

गुळाची_लेक

काका, होतात. प्रत्येक संघाला ड्राफ्टआधी ३० खेळाडूंना आपल्या ठिकाणी बोलावता येतं आणि ती नावं बहुतेक बाहेर येतात. तुमची तालमीसमोरची गाडी म्हणजे हीच. फक्त तिकडं कधी कधी गाडी मुद्दाम दुसऱ्याच्या दारात लावतात, म्हणून एका भेटीवर मी नाव लिहीत नाही. संघाची गरज, मॅनेजरची सवय आणि भेट तिन्ही जुळली तर लिहिते.

नुसत्या कुजबुजीचं काय होतं ते विल लेव्हिसच्या वेळी बघितलं. २०२३ ला कुणीतरी नाव न सांगता इंटरनेटवर लिहिलं की कॅरोलिना आपल्याला पहिल्या क्रमांकावर घेणार असं लेव्हिस मित्रांना सांगतोय. तेवढ्यावर सट्टेबाजारातले भाव हलले. पहिल्या रात्री कॅन्सस सिटीत तो आमंत्रित खेळाडूंच्या खोलीत घरच्यांबरोबर बसून राहिला, ३१ नावं पुकारली गेली, त्याचं आलं नाही. दुसऱ्या दिवशी ३३ व्या क्रमांकावर टेनेसीनं घेतला. त्या पोराचा चेहरा कॅमेरा पुन्हा पुन्हा दाखवत होता, मला ते बघवलं नाही.

खेळाडूला विचारत नाहीत, हे खरं आहे. ही पद्धत १९३६ पासूनची. फिलाडेल्फियाचे मालक बर्ट बेल यांचा संघ हरत होता आणि चांगली पोरं पैसेवाल्या, जिंकणाऱ्या संघांकडं जायची. त्यांनी सुचवलं की जो तळाला आहे त्यानं आधी निवडावं. गंमत म्हणजे पहिल्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडलेला जे बरवँगर व्यावसायिक फुटबॉल खेळलाच नाही. नकार देणारे मोजके. २००४ ला इलाय मॅनिंगनं सॅन डिएगोला खेळणार नाही म्हणून आधीच कळवलं. त्यांनी तरी पहिल्या क्रमांकावर त्याला घेतला आणि त्याच दिवशी न्यूयॉर्कशी अदलाबदल केली. पेठेसाठी खेळायचा जो जीव तुम्ही म्हणताय, तो तिकडं कॉलेजच्या मैदानावर दिसतो. कोलंबसला शनिवारी सामना असला की भाजी आणायला बाहेर पडणं मुश्कील व्हायचं.

सरासरीचा_माणूस

मी संख्याशास्त्र शिकवतो आणि ड्राफ्ट दहा-बारा वर्षं बघतोय. ताईंचा मुद्दा पटला, पण रोझमनच्या उदाहरणाला माझी हरकत आहे. २०२१ आणि २०२२ च्या हंगामात जॉर्जिया राष्ट्रीय विजेता होता. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये त्या एका विद्यापीठाचे १५ खेळाडू निवडले गेले, त्यातले पाच बचावपटू पहिल्या फेरीत. बाजारात जॉर्जियाचाच माल जास्त होता, मग कुठल्याही संघाच्या झोळीत तो दिसणारच. २०२४ ला फिलाडेल्फियानं जॉर्जियाचा एकही घेतला नाही. सवय म्हणायच्या आधी बाकीच्या ३१ जणांनी काय केलं ते बघायला हवं. एक मॅनेजर वर्षाला सात-आठ खेळाडू निवडतो. पाच वर्षांत चाळीस. एवढ्या थोड्या नोंदींत माणसाला हवी ती सवय दिसू शकते.

प्रश्न विचारणाऱ्याला माझं सांगणं असं. तुझी २४ नावं आली ती साठ सामने बघून आली असं मला वाटत नाही. वीस-पंचवीस चांगल्या मॉक ड्राफ्टची सरासरी काढलीस तरी तेवढी यावीत. तो वेळ वाचव. आणि प्रत्येक जागेसमोर एकच नाव लिहायची सवय मोड. सहाव्या जागेला जेंटीची शक्यता निम्मी, दुसऱ्या एकाची पाव, बाकीच्यांची मिळून पाव, असं लिही. मग संगणकाला हजार वेळा ड्राफ्ट खेळायला लाव. दुसऱ्या जागेवर अदलाबदल झाली तर पुढचं सगळं कसं सरकतं ते तुला आधीच दिसेल. या वेळी नेमका तिथंच तू अडकलास. शेवटी द्यायची यादी एकच, पण ती हजारांतून निवडलेली असेल.

अदलाबदलीचे भावही शिकून घे. डॅलसचे कोच जिमी जॉन्सन यांच्या काळात, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, त्यांनी जागांचे गुण ठरवले होते: पहिली जागा ३०००, दुसरी २६००, बत्तिसावी ५९०. तो तक्ता आता जुना झाला, पण कुठली अदलाबदल शक्य आहे आणि कुठली स्वप्न, ते त्यानं कळतं.

आणि खेळाडू ओळखण्यावर फार विसंबू नकोस म्हणायला माझ्याकडं एक आकडा आहे. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर (ज्यांना २०१७ ला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं तेच) यांनी तपासलं की आधी निवडलेला खेळाडू मैदानात त्याच जागेवर खेळणाऱ्या, त्याच्यानंतर लगेच निवडलेल्या खेळाडूपेक्षा सरस निघतो का. उत्तर आलं साधारण ५२ टक्के वेळा. वर्षभर हेच काम करणाऱ्या संघांचं हे.

गुळाची_लेक

सर, जॉर्जियाचं तुमचं बरोबर आहे. ते उदाहरण मी मागं घेते. बाजारात काय जास्त आलंय हे वडीलही आधी बघायचे, मी ते लिहायचं विसरले.

पण ५२ टक्क्यांचा इथं संबंध लावू नका. तो आकडा पुढं कोण चांगला निघेल याचा आहे. टॉम ब्रॅडी २००० साली १९९ व्या क्रमांकावर गेला, ब्रॉक पर्डी २०२२ ला अगदी शेवटचा, २६२ वा. या दोघांना संघांनी ओळखलं नाही म्हणून आपण हळहळतो. पण ड्राफ्टच्या आदल्या दिवशी ज्यानं ब्रॅडीला पहिल्या फेरीत लिहिलं असतं, त्याला या पोराच्या स्पर्धेत शून्य गुण मिळाले असते, ब्रॅडी पुढं सात सुपर बोल (लीगचे अंतिम सामने) जिंकला तरी. हे दोन वेगळे धंदे आहेत. याला दुसरा शिकायचाय. आणि मॅनेजरच्या चाळीस नोंदी कमी आहेत हे मान्य, पण ग्लॅडस्टोनच्या तर एप्रिलमध्ये शून्य नोंदी होत्या. तिथं तुमचा संगणक काय करणार? तो कुणाच्या हाताखाली तयार झाला हेच बघावं लागतं, काका कोचचं बघतात तसं.

राजारामपुरी_नववी_गल्ली

ताई, काका, सर, तिघांचेही आभार. तीन वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

काल रात्री कामातून वेळ मिळाला तेव्हा नवीन वही घातली. खेळाडूंची नाही. ३२ पानं, पानाला एक संघ. वर मॅनेजरचं नाव, कधी आले, आधी कुणाकडं होते. खाली कुठल्या खुर्च्या रिकाम्या आहेत ते, पेन्सिलीनं, मार्चमध्ये खोडायला लागणार म्हणून. सरांचं गणित मी शिकतोय, पण आधी पानं भरतो, त्याशिवाय निम्मा-पाव कशावरून लिहू?

पहिलं पान ताईंसाठी क्लीव्हलंडचं केलं. अँड्र्यू बेरी, २०२० पासून. डेशॉन वॉटसन या क्वार्टरबॅकसाठी २०२२, २०२३ आणि २०२४ च्या पहिल्या फेऱ्या ह्यूस्टनला दिल्या, म्हणजे तीन वर्षं पहिल्या फेरीत त्यांची नोंदच नाही. बेरी तरुण खेळाडू पसंत करतात असं सगळीकडं वाचतोय, पण तपासलं तर गॅब्रियल निवडला तेव्हा २४ वर्षांचा होता. त्यामुळं वयासमोर प्रश्नचिन्ह ठेवलंय. ताई, तुम्ही नऊ वर्षं तो संघ बघितलाय, ते प्रश्नचिन्ह राहू दे का काढू?

मग जॅक्सनव्हिलचं पान उघडलं आणि पहिली फेरी २०२६ समोर लिहायला गेलो तर त्यांची जागाच नाही, ती हंटरच्या वेळी क्लीव्हलंडला गेलेली. ती रेघ मारून बेरींच्या पानावर घेतली. तिथं आता दोन ओळी झाल्यात.